मीठ सोडलेले दिवस

माझी धाकटी जाऊ सात महिन्यांची पोटुशी असताना मी तिला न्हाणीत कोंडलं आणि तिच्यावर थंड पाणी ओतलं. पौष महिना होता. एक-दोन तांबे नव्हेत, हौदातलं पाणी बादलीनं उपसून ओतत राहिले, आणि दाराला आतून कडी घातलेली होती. हे मी आधीच सांगून टाकते. माझ्या आजाराबद्दल बोलायला लागले की लोक आधी हळहळतात, मग ही गोष्ट कळली की दोन पावलं मागे सरकतात. ज्यांना सरकायचं त्यांनी आत्ताच सरकावं.

आमचं गाव वसमत तालुक्यात. घरात सासूबाई, माझे मालक, धाकटा दीर, त्याची बायको आणि मी. शेतात हळद आणि सोयाबीन. आम्हाला मूल नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यामुळे ते दुःख माझ्यापुरतं जुनं झालंय, पण पुढे लोकांनी ते उकरून काढलं म्हणून सांगते. मी गावची आशा सेविका आहे. म्हणजे गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायच्या, लसीकरणाच्या दिवशी लेकरं गोळा करायची, टीबीच्या पेशंटला गोळी आपल्यासमोर गिळायला लावायची आणि वर तोंड उघडून दाखव म्हणायचं. हे सगळं गोड बोलून होत नाही. माझं तोंड मुळातच तिखट, ते या कामाला उपयोगी पडलं.

त्या मार्गशीर्षात माझी झोप कमी झाली. आधी चार तास, मग दोन. थकवा मात्र काहीच नाही, उलट अंगात बळ मावेना. गावाचा सर्व्हे आठवडाभर चालतो, तो मी दीड दिवसात उरकला. रजिस्टरं दोनदा लिहिली, एकदा निळ्या शाईनं आणि एकदा लाल. शाळेचं आवार झाडलं, मंदिराचा ओटा धुतला, तीन बायकांची भांडणं मिटवली आणि एक नवीन लावून दिलं. सगळ्यांनी कौतुक केलं. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "माझी थोरली सून दोन बायांचं काम एकटी करून राहिली." आमच्याकडे बाईच्या हातातलं काम थांबलं की ती आजारी आहे हे कळतं. काम वाढलं तर तिला आजारी कोण म्हणेल? एकट्या मालकांना काहीतरी खटकलं. एकदा जेवताना म्हणाले, "तू बसत काहून न्हाईस गं?" मी म्हणाले, बसायला तुम्ही आहात की. त्यांनी मान खाली घातली आणि जेवले.

खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडले होते. तेवढी हुशार मी आयुष्यात कधी नव्हते, निदान मला तरी तसं वाटत होतं. मग शेजारच्या कडबाकुट्टी यंत्राच्या आवाजातून मला सूचना येऊ लागल्या. अख्ख्या जिल्ह्याची लेकरं माझ्या हवाली केली आहेत, असं ते यंत्र मला सांगायचं. यात विनोद आहे हे मला आज कळतं. तेव्हा मी पदर खोचून यंत्रासमोर उभी राहायचे आणि हो म्हणायचे.

लसीच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्या गोलात एक पांढरट चौकोन. बाटलीला ऊब लागत गेली की चौकोन काळवंडतो. गोलाइतका काळा झाला की ती लस फेकायची. वर्षानुवर्षं मी ते चौकोन बघत आले होते. त्या पौषात ते मला माणसांच्या कपाळावर दिसायला लागले. दुकानदाराचा पांढरा, सरपंचाचा राखाडी, कुणाचा कसा. भास आहे असं एकदाही वाटलं नाही. दारातली म्हैस जेवढी खरी दिसते तेवढेच ते खरे दिसत होते. आणि एका सकाळी जाऊ चुलीपुढून उठली तेव्हा तिच्या पोटावर, साडीच्या वर, मला चौकोन दिसला. तो काळा पडत चालला होता.

लस खराब होऊ नये म्हणून काय करतात? थंड ठेवतात. बस्स, एवढाच हिशोब होता. मला तिचा राग नव्हता, हेवा तर त्या क्षणी अजिबातच नव्हता. मी तिचं लेकरू वाचवत होते. मी तिला न्हाणीत नेलं, कडी घातली आणि बादली उचलली. ती पहिल्यांदा हसली, मी थट्टा करते आहे असं वाटून. मग ओरडायला लागली, "ताई, सोडा, लेकराला थंडी वाजून राहिली!" मी म्हणत होते, वाजू दे, थंडच पाहिजे. बाहेरून सासूबाई दार बडवत होत्या. शेतातून दीर पळत आला आणि त्यानं पहारीनं दार उचकटलं. तेव्हा जाऊ कोपऱ्यात दोन्ही हात पोटावर धरून बसली होती आणि तिचे ओठ निळे झाले होते. हे मला नीट आठवतं. लोकांना वाटतं, वेडाच्या भरात केलेलं माणूस विसरतं. मी काहीच विसरले नाही.

कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय, कुणी म्हणालं बांधून ठेवा. ज्या नर्सबाईंच्या हाताखाली मी काम करत होते त्या आल्या, मला पाच मिनिटं बघितलं आणि मालकांना म्हणाल्या, "ही आजारी हाये. देवरुषी करत बसू नका, आजच्या आज नांदेडला न्या." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अठरा दिवस मी दवाखान्यात होते. डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. मी ताळ्यावर आल्यावर त्यांनी समजावलं, की नसलेलं दिसणं-ऐकणं आणि तेच खरं वाटणं याला सायकोसिस म्हणतात, आणि माझा मूळ आजार बायपोलर. मन एकदा खूप वर जातं, एकदा खूप खाली. गोळ्यांनी ते मधल्या पट्ट्यात राहतं, पण गोळ्या कायमच्या. मालकांनी विचारलं, "कायमच्या म्हंजे किती वर्सं?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चष्मा किती वर्षं घालणार?" मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मुख्य गोळी लिथियमची. डिस्चार्जच्या वेळी त्यांनी सांगितलं, गोळी चुकवायची नाही, पाणी भरपूर प्यायचं, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं आणि मीठ नेहमीसारखं खायचं, कमी करायचं नाही. बाकीचं आम्ही कान देऊन ऐकलं. मिठाचं कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही. आमच्याकडे औषध म्हटलं की पथ्य, आणि पथ्य म्हटलं की काहीतरी बंद. तेल बंद, वांगं बंद, आंबट बंद. जे खातो तेच खात राहा, हे डॉक्टरनं सांगायची गोष्ट आहे का? मी स्वतः गावातल्या बीपीच्या म्हाताऱ्यांना मीठ कमी करा म्हणून दटावत फिरणारी. मला वाटलं, बोलायच्या ओघात बोलले असतील.

घरी आले तर घर अर्धं रिकामं. जावेला तिच्या भावानं माहेरी नेलं होतं, सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या पलीकडे. दीर तिकडे आणि इकडे असा मोटारसायकलवर चकरा मारत होता. तो मला म्हणाला, "वहिनी, माझ्या मनात तुमच्याबद्दल काही न्हाई. पण ती येत न्हाई म्हणते. तुमी घरात असताना न्हाई." माहेरची माणसं आणखी पुढचं बोलली होती. हिला स्वतःला नाही म्हणून हिनं दुसरीचं मारायला बघितलं, असं. हे मला शेजारणीनं अगदी काळजीच्या स्वरात येऊन सांगितलं. अशा शेजारणी प्रत्येकीला मिळोत.

मग मन खाली गेलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. दीड महिना मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. अंगणात हळद शिजत होती, वाफेचा वास घरभर, आणि मी केससुद्धा विंचरत नव्हते. लाज वाटायची. लाज हा शब्द फार लहान आहे, पण दुसरा माझ्याकडे नाही. फाल्गुनात फोन आला, मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. मी गोठ्यात जाऊन रडले. बारशाला सासूबाई, मालक आणि दीर गेले. मला बोलावणं नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. परत आल्यावर दिरानं मोबाइलवर फोटो दाखवला. लाल टोपडं, मिटलेले डोळे. मी बोटानं फोटो मोठा केला आणि कपाळावर चौकोन आहे का बघितलं. नव्हता. दीर म्हणाला, "तुमच्यासारखंच नाक हाये की, वहिनी." माझ्यासारखं कसं असेल? पण तो भला माणूस आहे.

ती मुलगी मला एकदा मांडीवर घ्यायची होती. दुसरं काही नको होतं. माफी मागायचीसुद्धा हिंमत नव्हती. जाऊ घरी यावी आणि तिनं आपल्या हातानं लेकरू माझ्या मांडीवर ठेवावं, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

चैत्रातल्या एका सोमवारी सासूबाई मला औंढ्याला घेऊन गेल्या. खाली गाभाऱ्यात उतरताना पायऱ्या अरुंद, मला गोळ्यांनी वजन वाढलेलं, पुढची बाई मागे बघून म्हणाली, सांभाळून. पिंडीवर हात ठेवला आणि मी बोलून बसले, जाऊ लेकराला घेऊन घरी पाऊल टाकेपर्यंत मीठ खाणार नाही. गोड सोडलं असतं तर त्याला काही अर्थ नव्हता, गोड मला आवडतच नाही. मला आवडतो ठेचा. मला आवडतं लोणचं, खारातली मिरची, वरून मीठ भुरभुरलेली कैरी. ज्याच्यावाचून जीव तळमळेल तेच सोडायचं असतं. वर आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बराबर केलंस, माय."

त्या दिवसापासून त्या भाजीत मीठ टाकायच्या आधी माझी वाटी बाजूला काढायच्या. अळणी वरण, अळणी पिठलं, भाकरी-दूध, भाकरी-गूळ. मालकांना आम्ही सांगितलं नाही. पुरुषांना कशाला सांगायचं? आणि हळदीचं काम अजून उरकलं नव्हतं. वाळवणावरची हळद उलटीपालटी करायला मी आता उन्हात उभी राहू लागले होते. काम करते आहे, घाम गाळते आहे. सगळ्यांना वाटलं, बाई सुधारली.

दुसऱ्या आठवड्यात हात थरथरायला लागले. थोडे आधीही थरथरायचे, डॉक्टर म्हणाले होते चालेल. पण आता बशीतला चहा सांडायला लागला. मग पोट बिघडलं, उलट्या सुरू झाल्या. चालताना पाय कुठे पडतो ते कळेना. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जीभ जड झाली, मी एक बोलायचे आणि ऐकणाऱ्याला भलतंच ऐकू यायचं. अंगणात लोक जमले. जमलेले लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. "पुन्हा चढलं." कुणीतरी दोर आणायला गेलंसुद्धा. शेजारच्या गावात एक बाबा आहे, अशा बायकांना उतरवतो म्हणे, त्याचं नाव निघालं. मला सगळं ऐकू येत होतं. ही ती गोष्ट नाही, मागच्या वेळी मला बरं वाटत होतं आणि आता वाईट वाटतंय, दोन्ही वेगळं आहे, हे मला सांगायचं होतं. तोंडातून नुसता घरघर आवाज आला.

मालकांनी कुणाशी वाद घातला नाही. जीप बोलावली, मला उचलून आत ठेवलं आणि नांदेडला नेलं. त्यांचं म्हणणं एवढंच, "ज्यानं गोळी दिली त्यालाच इचारू."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. लिथियम अंगात नको तेवढं साठलं होतं. त्यांनी गोळ्या मोजल्या, जास्त घेतल्या नव्हत्या. मग मालकांना विचारलं, "यांनी मीठ बंद केलंय का?" मालक म्हणाले, छे. मागून सासूबाई म्हणाल्या, "व्हय. नवस हाये." मालकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की तेवढ्या रागानं त्यांनी कधी आईकडे बघितलं नसेल.

डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं, की अंगातलं मीठ कमी झालं की शरीर लिथियम धरून ठेवतं, बाहेर टाकत नाही. त्यात ऊन, घाम, जुलाब. आणखी दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर किडनी गेली असती, नाहीतर जीवच. मला सलाईन लावलं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, हे सासूबाईंना तिथल्या सिस्टरकडून कळलं. त्यावर त्यांनी जरा वेळ विचार केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तोंडानं खाल्लं न्हाई ना. मग मोडला न्हाई." किडनी जाता जाता राहिलेली सून पुढ्यात, आणि ही बाई देवाकडे माझा वकील होऊन बसली होती. मला हसता येत असतं तर मी हसले असते.

पण पाचव्या दिवशी जिभेवर ताबा आला, समोर मीठ घातलेली खिचडी आली, आणि मी खाईना. मालक चिडले, डॉक्टरांनी समजावलं. मला सगळं समजत होतं. आशा आहे मी, अडाणी नाही. तरी आतून एकच वाटत होतं, की एकदा मी त्या लेकराच्या जिवावर उठले, आता नवस मोडला आणि तिला काही झालं तर? डॉक्टर म्हणाले, मग लिथियम बंद करून दुसरं औषध बघावं लागेल, पण तुम्हाला याचा इतका चांगला गुण आला आहे की सोडवत नाही. मी भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा सासूबाई उठल्या. त्या आयुष्यात एकट्या कधी औंढ्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. एस.टी.नं हिंगोली, तिथून जीपनं गोरेगाव, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून सुनेच्या माहेरी. तिथे त्या काय बोलल्या ते मला नंतर जावेनंच सांगितलं. दारात उभ्या राहिल्या, पाणी घेतलं नाही, म्हणाल्या, "राहायला येऊ नको. माफ करू नको. पर एकदा उंबरठ्याला पाय लावून जा. ती मरून राहिली, अन् तिला मारायला मीबी व्हते."

जाऊ आली. मला त्याच दिवशी दवाखान्यातून घरी आणलं होतं. बरोबर तिचा भाऊ होता, तो फाटकातच थांबला. जावेच्या कडेवर लेकरू, लाल टोपड्यातलं. मी ओसरीवर बसले होते. ती अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभी राहिली, आमच्यामध्ये सगळी हळद वाळत पडलेली. मला वाटलं होतं ती रडेल. ती भांडली.

"माझ्या लेकराच्या नावानं नवस बोलायच्या आधी मला इचारलं का? तुमी मेल्या असत्या तर लोक काय म्हणले असते? हिच्यापायी मेली. जनमभर तेच ऐकलं असतं तिनं. त्या दिवशीबी तुमी इचारलं न्हाई, अन् आजबी न्हाई. माझ्या लेकराचं काय करायचं ते तुमीच ठरवता!"

तिचं म्हणणं खरं होतं. न्हाणीतली मी आजारी होते, पण औंढ्याच्या पायऱ्या उतरलेली मी शुद्धीवर होते, आणि दोघींनी एकच केलं होतं. तिला न विचारता तिच्या लेकराला वाचवायला निघाल्या होत्या. दवाखान्यात इतकं समजावूनही जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिच्या त्या एका वाक्यानं शिरलं. मी म्हणाले, "चुकलं माझं." दोन्हीचं मिळून एकदाच म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली. लेकराला सासूबाईंकडे दिलं, ताटलीत पिठलं वाढलं, वरून चिमटीनं मीठ टाकलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "मी घरी आले. नवस फिटला. खा." मी खाल्लं. जवळजवळ महिन्यानं मीठ लागलं, तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांना पण. ती हात बांधून उभी राहिली, शेवटचा घास जाईपर्यंत. मग लेकरू घेतलं आणि भावाबरोबर निघून गेली. मुलीला मी पाच-सहा हातांवरून बघितलं. कपाळ स्वच्छ होतं, मधोमध काजळाची तीट.

त्यानंतर मी काही सोडलं नाही. गोळी वेळेवर, पाणी, मीठ, महिन्याला रक्त. अंगावर दहा-बारा किलो चढले, हाताला बारीक थरथर राहिली, सुईत दोरा आता सासूबाईच ओवतात आणि त्यांचं वय मी सांगायला नको. काम हळूहळू परत मिळालं. सुरुवातीला काही बायका दार उघडून उंबऱ्यातच उभ्या राहायच्या. एक म्हातारी मात्र टीबीची गोळी माझ्यासमोर गिळताना म्हणाली, "आता तूबी गिळतीस म्हणं. बरं झालं, आता कळंल तुला." ती माझी आवडती पेशंट.

दिवाळीनंतर जाऊ राहायला आली. दीर किती दिवस दोन घरं करणार, आणि सोयाबीन निघून हळद पुढ्यात. पण तिनं अटी घालून पाऊल टाकलं. गोळी मी तिच्यासमोर घ्यायची. आणि रोज सकाळी ती विचारेल, झोप झाली का, त्याला खरं उत्तर द्यायचं. डॉक्टरांकडून तिनं स्वतः फोनवर विचारून घेतलं होतं, की आधी झोप जाते. पहिले दोन महिने मुलगी तरीही माझ्याकडे आली नाही. मग एका सकाळी तिनं विचारलं, "झोप झाली का?" मी म्हणाले, "सात तास." तिनं मुलीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं, आणि समोरच बसून लसूण सोलायला लागली. डोळे माझ्यावर, हात लसणावर. मी श्वास घ्यायलासुद्धा घाबरत होते. मुलीनं माझ्या मंगळसूत्राची वाटी धरली आणि तोंडात घातली.

तेव्हापासून ते रोजचं झालं. चहा, प्रश्न, उत्तर, मग लेकरू. ती रांगायला लागली, मग धरून उभी राहायला लागली, आणि प्रश्नाचं उत्तर यायच्या आधीच माझ्याकडे यायला लागली. जाऊ समोर बसायची ती मात्र थांबली नाही. लसूण, शेंगा, निवडायचे तांदूळ, काहीतरी घेऊन ती समोर असायची. मला त्याचं वाईट वाटायचं. तिचं बरोबर आहे हे कळत असूनही वाटायचं.

या वर्षी हळद काढणी सुरू झाली आणि घरात गडबड वाढली. एका सकाळी मी उठले ती अगदी हलकी. आदल्या रात्री दोनच तास झोप लागली होती, त्याच्या आदल्या रात्री तीन. डोकं लख्ख. अंगण झाडून झालं होतं, भांडी घासून झाली होती, आणि गावातल्या सगळ्या गरोदर बायकांसाठी एक मोठी योजना डोक्यात तयार होती. किती बरं वाटत होतं ते सांगता येणार नाही. वर्षभर ओल्या गोधडीखाली चालल्यासारखं चालले होते आणि कुणीतरी ती गोधडी काढून घेतली होती. मुलगी भिंत धरत धरत माझ्याकडे आली आणि मांडीत बसली.

जावेनं चहाचा कप पुढे केला. "झोप झाली का?"

नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं होतं. सात तास. दोन शब्द. हो म्हटलं की लेकरू मांडीवर, आणि ही हलकी सकाळ माझी. नाही म्हटलं की दोन्ही जाणार. मुलीच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास येत होता.

"न्हाई," मी म्हणाले. "दोन तास. काल तीन. मला फार बरं वाटतंय."

जावेनं पहिल्यांदाच पुढ्यातले निवडायचे तांदूळ बाजूला सारले.

"ताई, आता तुमच्यापाशी लेकरू ठिवायला मला भ्याव न्हाई वाटत," ती म्हणाली. आणि मुलीला माझ्या मांडीवरून उचलून सासूबाईंकडे देऊन, माझ्याबरोबर नांदेडला डॉक्टरांकडे यायचं म्हणून साडी बदलायला आत गेली.